अनुशेष म्हणजे काय रे भाऊ?

आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये भांडण व्हायला कारण लागत नाही. भाजीत बटाटा कमी पडला तरी पुरते. पण त्या दिवशी कारण जरा भारी होते. टीव्हीवर राज्याच्या बजेटची बातमी लागली होती आणि खाली पट्टी सरकत होती : विदर्भ, मराठवाड्यासाठी विशेष तरतूद. मी सहज बोलून गेले, "झालं! परत आमच्या टॅक्सचे पैसे तिकडे."

'आमच्या' म्हणजे कुणाच्या, हे मला कुणी विचारले नाही हे नशीब. कारण मॅगीच्या पाकिटावरचा जीएसटी सोडला तर मी आजवर एक रुपया टॅक्स भरलेला नाही.

माझी रूममेट वाशीम जिल्ह्यातली. तिने चमचा खाली ठेवला आणि शांतपणे विचारले, "अनुशेष म्हंजे काय, मालूम हाय का तुले?"

आता मी वसईची, दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मला 'अवशेष' ऐकू आले आणि डोळ्यांसमोर मोहेंजोदडो उभे राहिले! मी तसे म्हणाले तेव्हा अख्खे टेबल हसले. ती मात्र हसली नाही. ताट उचलून निघून गेली. त्या रात्री आमच्या रूममध्ये फक्त पंखा बोलत होता.

दुसऱ्या दिवशी मी लायब्ररीत गेले. तिथे जे समजले ते माझ्यासारख्या इतर 'विद्वानांना' सांगावे, म्हणून हा लेख.

आपल्या भाषेत सांगायचे तर...

अनुशेष म्हणजे बॅकलॉग. इंजिनीअरिंगच्या पोरांना हा शब्द वेगळा शिकवायची गरज नाही! पण आपली केटी आणि राज्याचा अनुशेष यांत एक मोठा फरक आहे. आपल्याकडे पासिंगचे मार्क ठरलेले असतात. अनुशेषात पासिंगचे मार्क म्हणजे वर्गाची सरासरी. राज्यात रस्ते, सिंचन, दवाखाने, शाळा यांची जी सरासरी आहे, तिच्यापेक्षा एखादा जिल्हा जितका खाली, तितका त्याचा अनुशेष. आणि ती कमतरता भरून काढायला जितके रुपये लागतील, तो रुपयांतला अनुशेष. जे जिल्हे सरासरीच्या वर आहेत त्यांचे काहीही काढून घ्यायचे नाही. त्यांचा अनुशेष शून्य, इतकेच.

एक गणित करू. समजा एका हॉस्टेलला ए, बी, सी, डी अशा चार विंग आहेत. प्रत्येकीत सारखीच मुले. ए विंगला ६ गीझर, बी ला ५, सी ला ३ आणि डी ला २. एकूण १६, सरासरी ४. म्हणजे सी चा अनुशेष १ आणि डी चा २, एकूण ३ गीझर. एक गीझर ८,००० रुपयांना धरला, तर अनुशेष झाला २४,००० रुपये.

आता रेक्टरसरांकडे ३२,००० रुपये आले. सर न्यायी. त्यांनी 'सगळ्यांना समान' म्हणत प्रत्येक विंगला एकेक गीझर दिला. आता आकडे झाले ७, ६, ४, ३. एकूण २०, सरासरी ५. सी चा अनुशेष १, डी चा २, एकूण परत ३! पैसे सगळे संपले, कुणावर अन्याय झाल्यासारखा दिसला नाही, आणि अनुशेष होता तिथेच. त्यात वर्षभराने गीझर १०,००० ला झाला, की रुपयांतला अनुशेष २४,००० वरून ३०,००० वर गेला. काहीही वाईट न करता!

समजा सरांनी आधी २४,००० रुपये फक्त सी आणि डी ला दिले असते, तर? आकडे ६, ५, ४, ४. एकूण १९, सरासरी ४.७५. अनुशेष ३ वरून दीडवर आला. शून्य झाला नाही, कारण खालचे वर आले की सरासरीही वर सरकते. पण निम्मा झाला.

मला हे गणित कागदावर मांडल्यावरच पटले. समान वाटप म्हणजे समतोल नाही. फरक आधीपासून असेल, तर समान वाटप तो फरक जसाच्या तसा जपून ठेवते.

हे आले कुठून?

यासाठी थोडा इतिहास. १९५३ साली आजचा महाराष्ट्र एका राज्यात नव्हता. विदर्भ मध्य प्रदेशात होता, मराठवाडा हैदराबाद राज्यात आणि बाकीचा भाग मुंबई राज्यात. सगळ्या मराठी मुलखाने एकत्र यायचे, तर मागे राहिलेल्या भागांना भीती होती की मुंबई-पुण्यापुढे आपले कोण ऐकणार? म्हणून २८ सप्टेंबर १९५३ रोजी तिन्ही भागांतल्या नेत्यांनी नागपूर करार केला. निधी लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायचा, मराठवाड्याकडे खास लक्ष द्यायचे, वर्षातून एकदा सरकारने नागपूरला यायचे, असे त्यात ठरले. आपण ज्याला 'हिवाळी अधिवेशन' म्हणून बातम्यांत पाहतो, त्याचे मूळ या करारात आहे. मला आपले वाटायचे की थंडीत तिकडची संत्री चांगली मिळतात म्हणून जात असतील!

पुढे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेच्या कलम ३७१ मध्ये याची सोय झाली. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाल्यावर ३७१ (२) विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांना लागू राहिले. राष्ट्रपती या तीन भागांसाठी वेगळी विकास मंडळे स्थापन करण्याची आणि निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकू शकतात, असे हे कलम सांगते. त्यात पुढे आणखी एक गोष्ट आहे जी वाचून मी खुर्चीत ताठ बसले. तंत्रशिक्षण आणि व्यवसाय प्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी या तिन्ही भागांना न्याय्य रीतीने मिळाव्यात, हेही त्यात लिहिलेले आहे. म्हणजे आपण ज्या शिक्षणासाठी इथे जमलो आहोत, ते थेट घटनेत आहे.

कलम १९५६ चे, पण मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ साली, डॉ. पी. सी. अलेक्झांडर राज्यपाल असताना. मध्ये अडतीस वर्षे गेली. त्यांची मुदत वेळोवेळी वाढत गेली आणि ३० एप्रिल २०२० रोजी संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये ती पुन्हा स्थापन करावीत असा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला.

दांडेकरांची मोजपट्टी

'आमच्यावर अन्याय होतो' असे नुसते म्हणून भागत नाही, मोजावे लागते. १९८३ साली राज्य सरकारने ज्येष्ठ अर्थतज्ज्ञ प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हे तेच दांडेकर, ज्यांनी नीळकंठ रथ यांच्याबरोबर भारतातल्या दारिद्र्यावर १९७१ साली गाजलेला अभ्यास केला. समितीने सिंचन, रस्ते, गावांचे विद्युतीकरण, शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी क्षेत्रे घेतली आणि जिल्ह्याजिल्ह्याची कमतरता मोजली. वर गीझरचे जे गणित केले, त्याची पद्धत त्यांचीच.

१९८४ चा निकाल असा : एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा सुमारे २४ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा सुमारे ३७ टक्के. सगळ्यांत मोठा अनुशेष सिंचनाचा.

इथे थांबून उर्वरित महाराष्ट्राचा आकडा परत वाचा. ३७ टक्के! म्हणजे कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातही सरासरीच्या खालचे जिल्हे होते. अनुशेष म्हणजे फक्त 'तिकडचे' रडगाणे, हा माझा समज पहिल्याच तक्त्यात निकालात निघाला.

१९९४ ला मंडळे आल्यावर दुसऱ्या समितीने नव्याने मोजणी केली. १ एप्रिल १९९४ रोजीचा अनुशेष निघाला सुमारे १४,००० कोटी रुपये, त्यात निम्म्याहून जास्त सिंचनाचा. दहा वर्षांत चौपटीहून अधिक! दोन्ही समित्यांचे निकष अगदी एकसारखे नव्हते, त्यामुळे हे आकडे शेजारी ठेवताना जपून राहायला हवे. पण गीझरचे गणित आठवा. भाव वाढतात, सरासरी पुढे सरकते, आणि पैसे उशिरा पोचले की तेवढ्याच पैशांत कमी काम होते.

२०११ मध्ये डॉ. विजय केळकर यांची समिती आली, तिचा अहवाल २०१३ चा. नुसत्या रस्ते-कालव्यांच्या अनुशेषात न अडकता उत्पन्न, पाणी आणि मनुष्यबळ विकास यांचाही विचार करावा, असा तिचा रोख होता. यावर विदर्भ-मराठवाड्यातून बरीच टीका झाली. जुने देणे चुकते न करताच वही बदलली, असा तक्रारीचा सूर होता. दोन्ही बाजूंत तथ्य आहे असे मला वाटते. पण एवढे खरे की मोजपट्टी बदलली की देणेही बदलते. म्हणून मोजपट्टी कोण ठरवतो, हे पाहिले पाहिजे.

'आमचा टॅक्स'

आता माझ्या मेसमधल्या वाक्याकडे येते. टॅक्स मुंबईत जास्त जमा होतो हे खरे. पण कंपनीचे हेड ऑफिस नरिमन पॉइंटला, म्हणून टॅक्स तिथे जमा. कारखाना, खाण, शेत कुठे आहे ते पावतीवर छापलेले नसते.

इलेक्ट्रिकलच्या मित्रांना चंद्रपूर-पडघे लाइन माहीत असेल. अधिक-उणे ५०० केव्हीची ही एचव्हीडीसी लाइन १९९९ साली सुरू झाली. ७५२ किलोमीटर लांब, क्षमता १,५०० मेगावॅट. विदर्भातल्या कोळशावर तयार झालेली वीज थेट ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत आणते. २,९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र चंद्रपुरात, राख आणि धूर चंद्रपुरात, आणि उजेड बराचसा इकडे. रूममेटला हे सांगितले तर ती म्हणाली, "मंग? आमी म्हनतो का, आमची वीज तिकडं चालली म्हनून?" मी गप्प.

आणि आपली नवी मुंबई तरी कुठून आली? १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि सिव्हिल इंजिनीअर शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली, तीही सिकॉमची उपकंपनी म्हणून. गंमत बघा, सिकॉम ही १९६६ ची सरकारी संस्था, तिचे काम मुंबई-पुण्याबाहेर उद्योग नेणे! सिडकोला सुरुवातीला सरकारने जेमतेम ३.९५ कोटींचे भांडवल दिले. खरे भांडवल होते जमीन. ९५ गावांची जमीन संपादित करायची, विकसित करून विकायची आणि त्या पैशांतून शहर उभे करायचे. म्हणजे आपण ज्या रस्त्यावर वडापाव खातो, त्याचे भांडवल इथल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या जमिनीतून आले. मोबदल्यासाठी त्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासईला आंदोलन केले, तेव्हा गोळीबारात पाच जणांचा बळी गेला.

तेव्हा 'आम्ही कमावतो, ते खातात' हे वाक्य नवी मुंबईत बसून तरी बोलू नये. हे शहरसुद्धा सरकारी निर्णयाने आणि दुसऱ्यांच्या जमिनीवर उभे आहे.

आणखी एक. माझी वसई १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. जव्हार आणि मोखाडाही त्याच जिल्ह्यात. वसई-विरारच्या टॉवरची आणि मोखाड्याच्या पाड्याची सरासरी काढली तर आकडा बरा दिसतो. पण त्या सरासरीत कुणीच राहत नाही. म्हणजे 'मागास भाग' शोधायला मला वाशीमला जायची गरज नव्हती. तो माझ्याच जिल्ह्यात होता.

देश आणि परदेश

हा वाद फक्त आपल्या राज्यातला नाही. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी राज्यांना केंद्रीय करांचा वाटा ठरवताना ४५ टक्के भार एकाच निकषाला दिला : राज्य श्रीमंत राज्यांपेक्षा दरडोई उत्पन्नात किती मागे आहे. त्यामुळे बिहारसारख्या राज्यांना जास्त मिळते आणि महाराष्ट्रात 'आम्ही देतो जास्त, मिळते कमी' अशी तक्रार होते. म्हणजे वाशीमच्या मुलीला मी जे म्हणाले, तेच आपले राज्य बिहारला म्हणते!

युरोपात १९७५ पासून प्रादेशिक विकास निधी आहे. ज्या भागाचे दरडोई उत्पन्न युरोपीय संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी, त्याला सगळ्यांत जास्त मदत. त्यांच्या दोन अटी मला शिकण्यासारख्या वाटल्या. एक, प्रकल्पात स्थानिक सरकारनेही आपला वाटा घालायचा. दोन, मंजूर निधी ठरावीक वर्षांत खर्च झाला नाही तर तो हातचा जातो. सबमिशनची तारीख चुकली की मार्क गेले, तसेच.

पैसा पोचतो का?

इथे खरा मुद्दा येतो. तरतूद झाली म्हणजे काम झाले नव्हे. तरतूद, वितरण, खर्च, काम पूर्ण, आणि शेवटी लोकांनी वापर, अशा या पाच पायऱ्या. बातमी होते पहिल्या पायरीची. गळती लागते पुढच्या चारांत.

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवरचा गोसीखुर्द प्रकल्प घ्या. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले. मूळ अंदाज सुमारे ३७२ कोटींचा, सिंचन होणार अडीच लाख हेक्टरचे. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, आणि पुढे सुधारित खर्च १८,००० कोटींच्या वर गेला. भूमिपूजनाच्या दिवशी जन्मलेल्या मुलाचे इंजिनीअरिंग, लग्न, नोकरी सगळे उरकले, पण कालव्यांची कामे चालूच राहिली.

हे एका धरणापुरते नाही. २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणीवरून असे दिसले की दहा वर्षांत सिंचनाखालच्या क्षेत्राची टक्केवारी अवघी ०.१ ने वाढली. केवढा गदारोळ झाला! नोव्हेंबर २०१२ मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढून वाढ याहून बरीच जास्त असल्याचे सांगितले. कुणाचा आकडा बरोबर यावर वाद आहे. पण धरणात साठलेले पाणी आणि शेतात पोचलेले पाणी हे दोन वेगळे आकडे आहेत, हे त्या वादात सगळ्यांना कळले.

तसेच २००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्या सहांत वाशीम होते. २०१८ मध्ये केंद्राने 'आकांक्षित जिल्हे' निवडले, तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबादबरोबर परत वाशीम. बारा वर्षांनी तेच नाव यादीत. याचा अर्थ पैसे देणे चूक असा नाही. एकदाच मोठा आकडा जाहीर करून मोकळे होणे आणि दर वर्षी थोडा थोडा अनुशेष मोजून भरणे, यांत फरक आहे असा आहे.

म्हणून यापुढे बजेटची बातमी आली की मी तीन प्रश्न विचारणार आहे, तुम्हीही विचारा. पहिला, काय मोजले आणि कुठल्या सरासरीशी? दुसरा, तरतूद किती आणि गेल्या वर्षीच्या तरतुदीतला खर्च किती? तिसरा, खर्चातून शेवटी काय वापरात आले? या तिन्हींची उत्तरे नसतील तर ती बातमी अर्धी आहे, मग ती विदर्भाची असो की नवी मुंबईची.

हे सगळे लिहून झाल्यावर मी रूममेटला वाचायला दिले. तिने शांतपणे वाचले, दोन ठिकाणी माझे शुद्धलेखन सुधारले (कॉन्व्हेंट!), आणि मग पहिल्यांदाच तिच्या शेताबद्दल बोलली. शेताच्या बांधाजवळ कालव्याच्या आखणीचे दगड आहेत. तिच्या आजोबांच्या वेळी रोवलेले. लहानपणी ती त्यावर बसून बोरे खायची. पाणी अजून आलेले नाही. वडील आजही पावसाकडे बघून पेरतात, सोयाबीन गेले की फीचा हप्ता पुढे ढकलतात.

"मग शिकून परत जाशील का?" मी विचारले.

"सिव्हिल घेतलं ना म्या," ती म्हणाली. "तुले काय वाटलं, काहून घेतलं?"

मेसमध्ये जे बोलले त्याबद्दल मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, माफी राहू दे, उद्याच्या मेसमध्ये माझ्या वाटणीची जिलेबी तुझी नाही, तुझ्या वाटणीची माझी. अनुशेष भरून काढायचा आहे!